शब्दाची मालकी आणि शब्दाचा जाब

जुलै २००७ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी एका शब्दाची अंत्ययात्रा निघाली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेने शवपेटी घोडागाडीवर चढविली, आणि गुलामांच्या बाजारापासून झुंडींनी दिलेल्या फाशीपर्यंत काळ्या माणसाच्या पाठीवर ज्या शब्दाचा आसूड ओढला गेला त्याला जाहीरपणे मूठमाती दिली. तो शब्द आम्ही येथे छापीत नाही. ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांचे काही अडत नाही. पण पुरलेला शब्द ध्वनिमुद्रिकांतून गातच राहिला!

तरुणांचे म्हणणे असे की, शेवटला 'र' गाळून आम्ही तो शब्द नवा केला, शत्रूच्या हातची काठी हिसकावून घेतली; आता ती आमची. यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मिळालेली शिवी बिरुदासारखी मिरविणे ही गांजलेल्यांची फार जुनी युक्ती आहे. विनोदवीर रिचर्ड प्रायर याने १९७४ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच हा शब्द घातला होता. परंतु १९७९ मध्ये तो केनियास जाऊन आला, आणि जेथे चहूकडे काळीच माणसे, तेथे तो शब्द एकालाही लागू पडत नाही हे पाहून त्याने तो टाकून दिला. नंतरच्या गायकांनी प्रायरचा पूर्वार्ध तेवढा उचलला, उत्तरार्ध सोयीने विसरले!

मग वडीलधाऱ्यांची बाजू धुतल्या तांदळासारखी समजावी काय? छे! रेव्हरंड जेसी जॅक्सन यांनी २००६ मध्ये हा शब्द सर्वांनीच वर्ज्य करावा असे आवाहन केले. आणि २००८ मध्ये, ध्वनिक्षेपक चालू असल्याचे भान नसताना, तोच शब्द त्यांच्याच मुखातून बाहेर पडला. न्यूयॉर्कच्या एका खटल्याने तर हा पिढ्यांचा हिशेबच उलटा करून टाकला. तेथे एका संस्थेच्या साठीतल्या संस्थापकाने आपल्या कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीस हा शब्द ऐकविला. तो स्वतः कृष्णवर्णीय. 'आमच्या वस्तीत हा मायेचा शब्द आहे' हा त्याचा बचाव. माया! जिला ही माया मिळाली ती न्यायालयात गेली, आणि २०१३ मध्ये ज्यूरीने तिच्या पदरात अडीच लाख डॉलरची भरपाई घातली.

हा तंटा परक्यांचा म्हणून आम्हांस हात झटकता येत नाहीत. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांस अर्पण केली. १९७२ मध्ये दलित पँथरने नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. आमचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तर बोलणारा कोण हे आधी पाहतो. चारचौघांत जातिवाचक अपमान केल्याचा त्यातील गुन्हा अनुसूचित जातिजमातींबाहेरच्या माणसावरच लागतो. ते रास्तच आहे. परंतु कायद्याने मोकळे सुटणे निराळे आणि ज्याच्या कानांत तो शब्द शिरला त्याला उत्तर देणे निराळे. न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ऐकणारीची जखम पाहिली, हे त्यांचे शहाणपण.

२०१८ मध्ये अलाबामातील एका महोत्सवात केंड्रिक लामार याने एका गोऱ्या तरुणीस मंचावर बोलावून आपलेच गीत गावयास लावले. तिने तो शब्द जसाच्या तसा उच्चारताच त्याने तिला थांबविले. उत्तम केले! तिला कळावयास हवे होते. पण तो शब्द गीतात लिहिला कोणी? पैसे घेऊन गोऱ्यांच्या घरोघर पोचविला कोणी? लामारने तिला जाब विचारला. उद्या याच अलाबामात मार खाताना तो शब्द ऐकलेल्या एखाद्या वृद्धाने लामारला जाब विचारला, तर 'शब्द आमचा आहे' याहून अधिक काही त्याच्यापाशी आहे काय?