अहवाल कपाटात, रुग्ण खाटेवर

तपासणीचा अहवाल आला की डॉक्टर तो रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगतो. उपचार घ्यायचे की नाही, हे रुग्ण ठरवतो. पण अहवालच कपाटात ठेवला तर? आपल्या सह्याद्रीच्या बाबतीत नेमके हेच घडले.

केंद्र सरकारने २०१० मध्ये नेमलेल्या डॉ. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटावरचा अहवाल दिला. पर्यावरण मंत्रालयाने तो माहिती अधिकारातही द्यायला नकार दिला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. मग डॉ. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला गेला. त्याने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवावा, असे सुचवले. दुसरे मत घेण्यात गैर काही नाही, आम्हीही घेतो. पण त्यानंतर उपचार सुरू करायचे असतात. इथे २०१४ पासून नुसते मसुदेच निघत राहिले.

दरम्यान १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. अहवाल अमलात आला असता तर वाडी वाचली असती, असे मी म्हणणार नाही. ती वाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. पण यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. डोंगराचीही तपासणी वेळोवेळी करावी लागते आणि तिचा निष्कर्ष पायथ्याच्या माणसाला सांगावा लागतो.

३१ जुलै २०२४ रोजी सहावा मसुदा निघाला. त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. खाणी, दगडखाणी, लाल वर्गातील नवे उद्योग आणि २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी नवी बांधकामे यांवर त्यात बंदी आहे. राहत्या घराची दुरुस्ती किंवा भातशेती यांवर नाही. तरीही कर्जत-खालापुरात ‘आता घरही बांधता येणार नाही’ अशी भीती ऐकू येते. ही भीती खोटी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. लोकांना कोणी नीट सांगितलेच नाही, हे तिचे मूळ आहे.

म्हणून मागण्या दोनच. मसुदा आणि गावाचा नकाशा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. आणि एखादे गाव वगळायचे असेल, तर त्याचे शास्त्रीय कारण सरकारने लेखी द्यावे. तज्ज्ञांचा सल्ला नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे, दडवण्याचा नाही. रुग्णाने उपचार नाकारले तर आम्हीही तसे कागदावर लिहून घेतो.

हरकती आणि सूचनांसाठी २०२४ मध्ये ६० दिवसांची मुदत होती. उल्हास आणि पाताळगंगेचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाने आपले म्हणणे मांडत राहावे.