अम्मीचा थकवा आणि रात्रीचा श्वास

घोरणे म्हटले की आपल्याला अब्बा किंवा मामू आठवतात, अम्मी आठवत नाही. झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचेही, म्हणजे स्लीप ॲप्नियाचेही तसेच झाले आहे. हा पुरुषांचा आजार, असा समज घरात असतो आणि कधी कधी दवाखान्यातही.

या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट अरुंद होते किंवा बंद होते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो वा उथळ होतो. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला 5 पेक्षा कमी वेळा असे होणे सामान्य मानतात. 30 च्या वर गेले तर आजार तीव्र. सकाळी यातले काहीच आठवत नाही.

पुरुषांत मोठे घोरणे, गुदमरून उठणे, दिवसा पेंगणे ही लक्षणे ठळक दिसतात. बायकांत घोरणे बरेचदा हलके असते. त्यांची तक्रार वेगळी असते: झोप लागत नाही, सारखी जाग येते, लघवीला उठावे लागते, सकाळी डोके दुखते, दिवसभर थकवा, चिडचिड, उदासपणा, विसर. "झोप येते" असे त्या म्हणत नाहीत, "दमले" म्हणतात. मग रक्त कमी आहे, थायरॉईड आहे, टेन्शन आहे असे सांगितले जाते. ही कारणेही तपासायलाच हवीत. पण न तपासता झोपेची गोळी घेऊ नये. काही गोळ्यांनी श्वासाचा त्रास वाढू शकतो.

या आजाराचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर 8 प्रश्नांची एक चाचणी वापरतात. तिच्यात पुरुष असण्याचा 1 गुण असतो, म्हणजे बाई सुरुवातीलाच एका गुणाने मागे. शिवाय बायकांचा श्वास बरेचदा स्वप्नांच्या झोपेत जास्त अडतो, त्यामुळे रात्रभराची सरासरी सौम्य दिसू शकते.

पाळी बंद झाल्यावर धोका वाढतो. वजन जास्त असेल, पीसीओडी असेल किंवा गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, तर अधिक लक्ष द्यावे. मात्र बारीक बाईलाही हा आजार होऊ शकतो.

भगिनींनो, नवऱ्याचे घोरणे बायको ऐकते. पण सर्वांत शेवटी झोपणाऱ्या आणि सर्वांत आधी उठणाऱ्या बाईचा श्वास ऐकायला जागे कोण असते? म्हणून आम्ही मुलांना आणि नवरेमंडळींना सांगतो, दोन-तीन रात्री लक्ष द्या. अम्मीची परवानगी घेऊन मोबाईलवर झोपेतला आवाज टिपा आणि डॉक्टरांना ऐकवा. डॉक्टरांपुढे "थकवा" एवढेच न सांगता रात्रीची हकीकत सांगा आणि झोपेची तपासणी हवी का, ते विचारा. ही तपासणी रुग्णालयात होते. काही रुग्णांना यंत्र घरी नेऊनही करता येते.

उपाय आहेत. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे यांनी काहींना आराम पडतो. त्रास जास्त असेल तर मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र असते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपचार मांडला. आजाराकडे दुर्लक्ष केले तर रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

घरातली बाई महिनोन्‌महिने दमलेली असेल, तर "कामच तेवढे असते" म्हणून सोडून देऊ नका. आधी तिला विचारा, रात्री झोप कशी झाली?