एकच प्याला, पण केवढा?

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात ‘एकच प्याला’ शिकवीत आलो आहे आणि गेली दोन वर्षे मी स्वतः एकच प्याला घेत आलो आहे. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे यंदाच्या भाद्रपदापर्यंत मला कधी वाटले नव्हते. गडकऱ्यांचे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर वकील अपमानाच्या भरात तळीरामाच्या नादाने पहिला प्याला घेतो आणि पुढे सोन्यासारख्या संसाराची राखरांगोळी होते. मी पडलो मराठीचा अध्यापक. माझा अपमान उत्तरपत्रिकांतून वर्षातून दोनदा होतो आणि त्यावर चहा पुरतो. शिवाय मी घेतो ती नाशिकची वाइन. तळीरामाच्या त्या आर्य मदिरा मंडळाशी तिचा काय संबंध, असे मी स्वतःला विचारीत असे आणि काही नाही, असे उत्तरही देत असे. प्रश्नकर्ता आणि परीक्षक एकच असला म्हणजे निकाल नेहमी चांगला लागतो.

ही नाशिकची ओळख झाली ती एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याच्या घरची दिंडोरीकडे शेती आहे. एका जानेवारीत त्याने आम्हां उभयतांना आग्रहाने नेले. तोवर द्राक्ष म्हणजे हिरवे, लांबट, बिनबियांचे आणि किलोवर मिळणारे एवढीच माझी समजूत. त्याने दाखवलेली द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची होती. खाण्याच्या द्राक्षांत जे दोष, तेच इथे गुण. पावसाळा संपता संपता छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी आणि मग एप्रिलच्या उन्हात पुन्हा एक छाटणी, असे त्याचे वर्ष. २००० साली गंगापूर धरणाच्या बाजूला सुला कंपनीची पहिली वाइन निघाली, त्यानंतर या भागात एकामागून एक कारखाने उभे राहिले. शिराझ, शेनिन ब्लां ही नावे तिथले शेतकरी कांद्याच्या भावाइतक्या सहजपणे घेतात.

त्याने मला एक गोष्ट नीट समजावून दिली, ती पुढे उपयोगी पडली. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे मद्यार्क करते. साखर जवळजवळ सगळी संपू दिली की वाइन कोरडी होते. थोडी शिल्लक ठेवली की गोड. म्हणजे कोरड्या वाइनमध्ये साखर फारशी नसते. हे ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! साखर नाही, म्हणजे पोट वाढण्याचे भय नाही, असा सरळ निष्कर्ष मी काढला. तर्कशास्त्र हा माझा विषय नाही.

त्या वेळी माझे वजन चौऱ्याऐंशी किलो होते आणि उंची पाच फूट सहा इंच. कमरेचा घेर एकशे एक सेंटिमीटर. भारतीय पुरुषाने हा आकडा नव्वदच्या आत ठेवावा, असे डॉक्टर सांगतात. आमच्या डॉक्टरांनी टेप गुंडाळता गुंडाळता विचारले, “काही घेता का?” मी म्हणालो, “अधूनमधून वाइन. एकच प्याला.” त्यांनी मान वर न करता कागदावर लिहिले आणि म्हणाले, “घेतलीच पाहिजे असे नाही. पण घेत असाल तर मोजून घ्या, रिकाम्या पोटी नको आणि रोज नको.”

मग त्यांनी एक हिशेब सांगितला. पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅमपासून चार कॅलऱ्या मिळतात, तेलातुपाच्या एका ग्रॅमपासून नऊ, आणि मद्यार्काच्या एका ग्रॅमपासून सात. म्हणजे मद्यार्क हे साखरेपेक्षा तुपाला जवळचे! कोरड्या वाइनच्या दीडशे मिलिलिटरच्या प्याल्यात सव्वाशेच्या आसपास कॅलऱ्या भरतात आणि त्यांतल्या बहुतेक मद्यार्काच्या. शिवाय शरीराला मद्यार्क साठवून ठेवता येत नाही. यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याची विल्हेवाट लावते. तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. कचेरीत साहेबांचा पाहुणा आला म्हणजे आपला अर्ज जसा टेबलावर पडून राहतो, तसेच.

रोज एक प्याला घेतला आणि बाकी खाणे तेवढेच ठेवले तर वर्षाला पंचेचाळीस हजारांवर कॅलऱ्या होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलऱ्या, म्हणजे कागदावर तरी ही सहा किलोंची बेगमी झाली. आठवड्याला दोन प्याले घेतले तर पावणेदोन किलो. हा फरक पाहून मी आठवड्याला तीन ठरवले. मध्यममार्ग हा आपला मध्यमवर्गीयांचा धर्मच आहे.

एक वही केली. सकाळी दोन पोळ्या, दुपारी ताक, संध्याकाळी पर्वतीची वाट. बुधवार, शनिवार, रविवार या रकान्यांत ‘वाइन, एक प्याला, १२५’ अशी नोंद. आठ आठवड्यांत चार किलो उतरायला हवे होते, उतरले दोन. मी काट्यावर संशय घेतला. सौ.ने काट्यावर साखरेचे एक किलोचे पाकीट ठेवून दाखवले. काटा निर्दोष सुटला.

आता आईविषयी सांगितले पाहिजे. आई धाकट्या भावाकडे साताऱ्याला असते. गणपतीसाठी आली होती आणि नंतर राहिली. ती आली की वाइनची बाटली दिवाणखान्यातून उठून माझ्या अभ्यासिकेत मराठी विश्वकोशाच्या खंडांमागे जात असे. ज्ञानाच्या आड दडायला विश्वकोशाइतकी भरभक्कम जागा दुसरी नाही. शेहेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस दार लोटून, आवाज न करता बूच काढतो, हे दृश्य तुमच्या डोळ्यांपुढे आले तर हसू नका. माझ्या भीतीला कारण होते, आणि ते म्हणजे माझा मामा.

मामा मुंबईला गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर तो बुडाला, असे आमच्याकडे बाहेरच्यांना सांगत. घरातल्यांना माहीत होते की प्याला त्याआधीच लागलेला होता. संपाने फक्त निमित्त दिले. मामीच्या पाटल्या गेल्या, मग भांडी गेली, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मामा गेला. आई त्याच्याबद्दल बोलत नाही. दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते, एवढेच.

त्या शनिवारी मी अभ्यासिकेतून प्याला घेऊन स्वयंपाकघरात खाऱ्या दाण्यांसाठी आलो. आई झोपली असेल, अशी समजूत. ती ओट्याशी उभी राहून द्राक्षासव घेत होती. जेवणानंतर द्राक्षासव हा तिचा जुना नेम. बाटलीच्या झाकणावर खूण असते, पंधरा मिलिलिटरची. चष्मा कपाळावरून खाली आणून, झाकण उजेडाकडे धरून, खुणेपर्यंत ओतायचे, तेवढेच पाणी घालायचे आणि मग घ्यायचे. द्राक्षासव हेही द्राक्षांचेच, आंबवलेले, आणि त्यातही मद्यार्क आपोआप तयार होते. पण त्या क्षणी हे ज्ञान वापरण्याची माझी छाती झाली नाही.

तिने माझ्या हातातल्या प्याल्याकडे पाहिले. “काय आहे?”

“वाइन. एकच प्याला घेतो, आई. डॉक्टरांना विचारून.”

ती काही बोलली नाही. तिने हातातले झाकण धुतले, पुसले आणि सौ.पुढे ठेवले. “किती भरतंय बघ ग.”

सौ.ने माझा तो प्याला, पोट सुटलेला, काठाशी निमुळता, एका पातेल्यात रिकामा केला आणि झाकणाने मोजायला घेतले. दहा झाकणे झाली म्हणजे माझ्या वहीतला ‘एक प्याला’ पुरा व्हायला हवा होता. दहा झाली. बारा झाली. मी दाण्यांची वाटी हळूच खाली ठेवली. सतरा झाकणे झाली! दोनशे पंचावन्न मिलिलिटर. म्हणजे १२५ नव्हे, दोनशेच्या वर कॅलऱ्या. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत पाच प्याले असायचे. माझी बाटली तीन प्याल्यांत का संपते, हे कोडे मला आजवर पडले कसे नाही?

आई म्हणाली, “तुझा मामाही एकच म्हणायचा. खोटं नव्हता बोलत तो. पेला कधी कुणी मोजला नाही, एवढंच.”

एवढे बोलून ती झोपायला गेली. मी तिथेच उभा राहिलो. वीस वर्षे ज्या नाटकावर मी टिपणे सांगितली, त्याच्या नावातला ‘एकच’ हा शब्द मला त्या रात्री कळला. प्याल्याला माप नसते. माप घेणाऱ्याच्या मनाला असते, आणि मन सोयीप्रमाणे ताणते.

पुढे वाचताना कळले की हा दोष माझ्या एकट्याचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ साली इंग्लंडमधल्या वाइनच्या प्याल्यांचा इतिहास मांडला. १७०० च्या सुमारास प्याला सरासरी ६६ मिलिलिटरचा होता. आता तो ४४९ वर गेला आहे. जवळजवळ सातपट! एक प्याला घेणारा पणजोबा आणि एक प्याला घेणारा पणतू यांची तुलना करणार कशी?

आणि दाणे? तीस ग्रॅम खारे दाणे, म्हणजे एक मूठ, १७० कॅलऱ्या. त्यांची नोंद वहीत नव्हतीच. कारण दाणे मी ‘खात’ नव्हतो; ते वाइनच्या सोबतीला होते. शिवाय प्याल्याने भूक चाळवते आणि निश्चय सैल होतो. बुधवार, शनिवार, रविवार या तीन रात्री दोनाच्या तीन पोळ्या कशा होत, याचा उलगडा झाला. हरवलेल्या दोन किलोंचा माग लागला.

हृदयासाठी वाइन चांगली असते, असेही मी लोकांना सांगत असे. १९९१ साली अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रेंच लोक लोणी खाऊनही हृदयविकारापासून वाचतात ते लाल वाइनमुळे, असे सुचवले गेले आणि तिकडे लाल वाइनचा खप एकदम वाढला. पुढे या समजुतीतले दोष दिसू लागले. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेलेही मोजले जात, मग पिणारे साहजिकच धडधाकट दिसत. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की मद्याचे अगदी निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा जो घेत नाही त्याने औषध म्हणून सुरू करू नये. ज्याला यकृताचा त्रास आहे, ज्याची औषधे चालू आहेत, जिला दिवस गेले आहेत, ज्याला गाडी चालवायची आहे, त्यांनी लांबच राहावे. मला चव आवडते म्हणून मी घेतो. एवढे कबूल केले की निदान खोट्या सबबीचे तरी वजन उतरते.

आपल्या राज्याचीही या बाबतीत मोठी मौज आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याने परवाना घ्यावा, अशी अपेक्षा आहे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे, यावर महाराष्ट्रभर वाद झडला. निर्णय अमलात आला नाही. आमच्या स्वयंपाकघरात तो वाद सतरा झाकणांत मिटला.

आता बाटली विश्वकोशामागे नसते. आठवड्यातून एकदा, शनिवारी, जेवणाबरोबर, दहा झाकणे. सौ.ने पाच झाकणांवर समाधान मानले आहे. दाण्यांऐवजी काकडी आणि गाजर. आई समोर बसून तिचे एक झाकण घेते आणि माझी मोजते. पहिल्या शनिवारी मला फार ओशाळल्यासारखे झाले. दुसऱ्या शनिवारी ती मामाविषयी बोलली. तो पेटी किती सुरेख वाजवीत असे, हे मला तोवर माहीत नव्हते. वजन एकोणऐंशीवर आले आहे. अजून बरेच जायचे आहे आणि पुढ्यात दिवाळी आहे. एक करंजी दीडशेच्या घरात, बेसनाचा लाडू तिच्याहून भारी. म्हणून फराळाच्या चार दिवसांत वाइन नाही, असे ठरवले आहे. दोन्ही हवेत म्हणणाऱ्याला कंबर नको असली पाहिजे.

गेल्या वर्षी वर्गात एका मुलीने विचारले होते, “सर, सुधाकरने मोजून प्यायली असती तर?” वर्ग हसला होता आणि मी शोकांतिकेच्या अटळतेवर पंधरा मिनिटे बोललो होतो. ती मुलगी आता पदवी घेऊन गेली. भेटली तर तिला सांगेन, की बाई, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चुकले होते. ज्याला मोजता येते, त्याने चारचौघांत मोजावे. आणि मोजणाऱ्यासमोर ज्याचा हात लपू लागतो, त्याने पहिल्या झाकणालाच थांबावे.