गाणं लागलं की थरार मेला?

हिंदी थरारपटाच्या प्रगतीची एक गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की ती खरी आहे का हे कुणी तपासायलाही जात नाही. पूर्वीचे रहस्यपट म्हणजे धुकं, पडका वाडा, करकरणारा दरवाजा, पांढऱ्या साडीतली बाई आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एक गाणं. कथा जरा रंगात आली की नायक-नायिका बागेत. दिग्दर्शक भोळा, प्रेक्षक त्याहून भोळा. पुढे आपण शहाणे झालो, बाहेरचे चित्रपट पाहू लागलो, गाण्यांना कात्री लागली आणि थरारपट एकदाचा वयात आला. चित्रपटांवर लिहिणारे हे लिहितात, ओटीटीवरच्या मालिका एका बैठकीत संपवणारे हेच बोलतात, आणि आताशा जुने प्रेक्षकही ओशाळून मान डोलावतात.

या गोष्टीतला एकच धागा मला उसवायचा आहे, कारण बाकीची गोष्ट त्यावरच टांगलेली आहे: गाणी थरार मारतात, म्हणून गाणी गेली आणि थरार सुधारला.

पूर्वपक्षाला त्याचं माप आधी देऊन टाकू. आक्षेप अगदीच हवेतला नाही. राजा नवाथ्यांचा ‘गुमनाम’ (१९६५) बघा. अगाथा ख्रिस्तीच्या प्रसिद्ध कथानकावरून उचललेला मामला, निर्जन ठिकाणी अडकलेली माणसं, एकेक मुडदा पडतोय, आणि हेलन समुद्रकाठी मजेत नाचतेय. मेहमूदचं स्वप्नगाणं त्याहून लांब. शीर्षकगीताने अंगावर आणलेला काटा ही दोन गाणी मिळून बसवून टाकतात. अशी भरताडाची गाणी ढिगाने होती. ती वितरकांसाठी होती, तबकड्या खपवण्यासाठी होती, आणि थिएटरातल्या अर्ध्या पुरुषांना विडी ओढायला बाहेर जाता यावं म्हणूनही होती. त्यांची वकिली मी करणार नाही.

पण वाईट गाणी होती म्हणून गाणं हीच थरारपटाची खोड ठरवायची, तर वाईट संवादांपायी संवादही काढून टाकावे लागतील.

आधी तारखा पाहू. बिनगाण्याचा हिंदी थरारपट ही काही एकविसाव्या शतकाची कमाई नव्हे. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ १९६० सालचा. त्यात एकही गाणं नाही. फाशीच्या शिक्षेवर वाद घालणारा गंभीर चित्रपट, भावी सासऱ्याला म्हणजे न्यायाधीशालाच खून करताना पाहिलेला सरकारी वकील, कोर्टातली जबरदस्त जुगलबंदी. आणि उलगडा काय? हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा माणूस! गाणी काढून टाकली म्हणजे अक्कल आपोआप आत येते असं मानणाऱ्यांनी हा शेवट पुन्हा एकदा बघावा. (चित्रपट मला आवडतो. शेवट आला की मी पंख्याकडे बघतो.) नऊ वर्षांनी त्याच चोप्रांच्या पंखाखाली यश चोप्रांनी ‘इत्तेफाक’ केला. एक रात्र, एक घर, राजेश खन्ना आणि नंदा. गाणं नाही. तो मात्र बांधीव झाला, कारण तिथे थरार वेगळ्याच गोष्टीतून निघतो: नंदासारख्या सोज्वळ चेहऱ्यावर आपण संशय घेणार नाही, हे दिग्दर्शकाला ठाऊक होतं. म्हणजे एका बिनगाण्याच्या चित्रपटाचा उलगडा बाळबोध आणि दुसऱ्याचा बिनतोड. गाण्याच्या असण्या-नसण्याशी त्याचा संबंध लावायचा तरी कसा?

आता उलट बाजू. कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९). अशोककुमार रात्री त्या वाड्यात शिरतो, भिंतीवर स्वतःसारखीच तसबीर बघतो आणि मग कुठून तरी बाईचा आवाज येतो. सुरुवातीच्या ओळींना ठेका नाही. सूर लांबून येतो, जवळ येतोसा वाटतो. लताबाईंनी पुढे सांगितलं आहे की हे ध्वनिमुद्रण करताना मायक्रोफोन खोलीच्या मध्यावर होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत येत होत्या. खेमचंद प्रकाशांना अंतर ऐकवायचं होतं, आणि ते अंतर गळ्याने नव्हे, पायांनी ऐकवलं गेलं. नायक त्या आवाजामागे धावतो. झोपाळ्यावर, होडीत, बाई दिसते आणि नाहीशी होते.

इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण कथानकात या गाण्याचं काम काय, हे फार कमी लोक बोलतात. शेवटी कळतं की भूत वगैरे कोणी नाही. वाड्याच्या माळ्याची मुलगीच हा खेळ करत होती. (पाऊणशे वर्षांनी रहस्य फोडल्याबद्दल कुणी रागावू नये.) म्हणजे ते गाणं हाच गळाचा आमिष लावलेला काटा. नायक ज्याला गतजन्माची हाक समजतो, ते एका जिवंत मुलीने रचलेलं कारस्थान आहे. गाणं काढून टाका, कथानक कोसळतं. तिच्याकडे दुसरं हत्यारच नाही. शिवाय हे हत्यार प्रेक्षकावरही चालतं, कारण हिंदी चित्रपटात गाणं लागलं की ‘हे कुठून आलं’ असं आपण विचारत नाही. अमरोहींनी आपल्या या सवयीचाच फायदा घेतला. आपण गाणं ऐकत होतो आणि तेवढ्यात आपली फसवणूक उरकली गेली होती.

मौज म्हणजे फसवणूक थिएटराबाहेरही चालू राहिली. पहिल्या तबकड्यांवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या त्या भासमान बाईचं. रेडिओवर गाणं लागलं की लोक पत्रं पाठवून विचारायचे, ही गाणारी कोण? वाड्यातल्या नायकाला पडलेला प्रश्न जसाच्या तसा घरोघरी गेला होता. शेवटच्या क्षणी कलाटणी देणारा आजचा कोणता चित्रपट प्रेक्षकाच्या घरात इतका शिरला?

पुढे हा आवाजाचा खेळ पिढीभर चालला. ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४). दुसऱ्यात तर डॉक्टर नायकाला वेडं ठरवण्याचा कट आहे आणि गाणं त्या कटातलं अवजार. त्याच वर्षी राजा परांजप्यांनी मराठीत ‘पाठलाग’ केला. तो इतका पक्का होता की राज खोसलांनी दोन वर्षांत त्यावरून ‘मेरा साया’ उभा केला. थरारपटाच्या बाबतीत मुंबईने पुण्याकोल्हापूरकडून उसनं घेतल्याचा हा पुरावा आपण उगाच विसरतो. आणि ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं (१९७६) बिनमुंडक्याचं भूत आज बघितलं तर हसू येईल, पण रात्री कानावर येणाऱ्या आशाबाईंच्या त्या सुराला हसून दाखवा.

ही झाली आवाजाची बाजू. गाण्याचं दुसरं काम घड्याळाचं. ‘सी. आय. डी.’ (१९५६) मधला प्रसंग घ्या. जखमी देव आनंद खलनायकाच्या घरातून निसटू पाहतोय. खलनायक दारात. वहिदा रहमान त्याच्यासमोर येते आणि गाऊ लागते. नजर इकडे, डाव तिकडे, हा त्या गाण्याचा विषयही आहे आणि त्या क्षणाचं कामही. गाणं जितका वेळ टिकेल तितका वेळ नायकाकडे. शमशाद बेगमच्या आवाजात ओ. पी. नय्यरचा ठेका मजेत चाललेला असतो आणि आपण एकेक कडवं मोजत असतो. आता संपलं तर? हिचकॉक सांगत असे की टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवून ठेवा, मग वरच्या साध्या गप्पाही जीवघेण्या होतात. नय्यरच्या गाण्याखाली तोच बॉम्ब आहे. ‘शोले’त हे घड्याळ आणखी क्रूर झालं: फुटक्या काचांवर बसंतीचे पाय थांबले की वीरूवर गोळी. त्या गाण्याला विडी ओढायला कुणी बाहेर गेलं असेल असं वाटत नाही.

तिसरं काम साक्षीदाराचं. ‘कर्ज’मध्ये (१९८०) गिटारवरची एक धून वाजवताना नायकाला मागच्या जन्मातला स्वतःचा खून दिसतो, आणि शेवटी तो तोच खून रंगमंचावर गाण्यातून करून दाखवतो. समोर बसलेल्या मारेकरणीचा धीर सुटतो. कोर्ट नाही, पोलीस नाही. पुनर्जन्माची कथा भाबडी आहे, मान्य. पण गाण्याची जागा इतकी नेमकी की ते पुढेमागे सरकवता येत नाही. (‘महल’, ‘सी. आय. डी.’, ‘कर्ज’ तिन्हींत बाईचं नाव कामिनी. आपल्या पटकथाकारांना या नावाची काय धास्ती होती, देव जाणे.)

इथे एक ठेवणीतला सवाल येतो. ‘हे सगळं आपल्याकडे. तिकडे बघा, हिचकॉक कुठे गाणी घालायचा?’ घालायचा की. ‘द मॅन हू न्यू टू मच’च्या (१९५६) शेवटी पळवून नेलेल्या मुलाला आईचा पत्ता लागतो तो डोरिस डेच्या गाण्याने. तिची आशा हीच की आपला आवाज वरच्या खोलीपर्यंत जाईल. त्याआधी अल्बर्ट हॉलमध्ये गोळी सुटायची आहे ती वाद्यवृंदातल्या झांजा वाजतील त्याच क्षणी, आणि जवळजवळ बारा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. त्याच्याही मागे चला. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (१९३१) मुलांचा खुनी पकडला जातो तो शिट्टीवर वाजवलेल्या ग्रीगच्या धुनेमुळे, आणि ती ओळखणारा फुगेवाला आंधळा आहे. ‘सायको’तला न्हाणीघराचा प्रसंग हिचकॉकला आधी संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हर्मनने न ऐकता नुसत्या तंतुवाद्यांचा तो कर्कश तुकडा रचला आणि हिचकॉकने तो ठेवून घेतला. आज तो तुकडा काढून प्रसंग बघणं कुणाला नको असतं.

गाण्याला अवास्तव म्हणणाऱ्यांचा दुटप्पीपणा इथेच उघडा पडतो. बाई ओठ हलवून गायली की अवास्तव. पण बंद खोलीत, जिथे खुनी आणि बळी याखेरीज कोणी नाही, तिथे शंभर व्हायोलिनं वाजली की वास्तव! आजच्या मालिकांमध्ये दर दुसऱ्या प्रसंगाखाली जो एक घोंघावणारा सूर सोडलेला असतो, तो काय पात्रांच्या फ्रिजमधून येतो? गाणं निदान समोर उभं राहून सांगत होतं की मी आहे. हा सूर लपून राहून घाबर म्हणतो.

मग गाणी का गेली? प्रेक्षक शहाणा झाला म्हणून, हे उत्तर स्वतःची पाठ थोपटणारं आहे. १९९७ मध्ये दिल्लीत साकेतला पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं. पुढच्या दहाएक वर्षांत चित्रपट विकण्याचं गणित पालटलं. दिवसात जास्त खेळ बसवायचे तर लांबी कमी हवी. गाणी आधी वाहिन्यांवर, मग मोबाइलवर सुटी विकता येऊ लागली, तेव्हा ती पडद्यावर दाखवण्याची निकड संपली. गाणी बाजाराने आणली होती, बाजारानेच नेली. जाताना तो भरताडही घेऊन गेला आणि ते घड्याळही.

त्या रिकाम्या जागेवर काय आलं? धक्का. शेवटच्या दहा मिनिटांत आतापर्यंतचं सगळं उलटंपालटं करणारी कलाटणी, आणि मालिका असेल तर प्रत्येक भागाच्या शेवटी एक. धक्क्याशी माझं वैर नाही. पण त्याची किंमत एकदाच वसूल होते. म्हणून तर ‘शेवट सांगू नका’ अशी आजची केविलवाणी धडपड. ‘महल’चा शेवट ठाऊक असूनही ते पहिले बिनठेक्याचे सूर आजही लोकांना जागीच बसवतात. शेवट कळल्यावर ज्यात बघण्यासारखं काही उरत नाही, तो प्रगत आणि हा मागास?

आजचे सगळेच दिग्दर्शक असं मानत नाहीत, हेही बरंच. श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’मध्ये (२००७) नायक आपला गुन्ह्याचा बेत आखतो तो हॉटेलच्या टीव्हीवर लागलेला १९७१चा ‘परवाना’ बघून. ज्या चित्रपटांना आपण भोळे म्हणतो, त्यांच्याकडून नव्या थरारपटाचा खुनी क्लृप्ती शिकतो. आणि ‘अंधाधुन’ (२०१८). पुण्यातलं घर, आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक, लग्नाच्या वाढदिवसाचं वादन. वाजवता वाजवता त्याला यजमानाचा मुडदा दिसतो. बायको शेजारीच आहे, तिचा यार न्हाणीघरात पिस्तूल धरून. आता याला वाजवत राहिलंच पाहिजे. एक सूर चुकला, बोटं एकदा अडखळली, तर त्याला दिसतं हे उघड होईल. ती दोघं त्याच्यासमोर खुणांनी बोलत प्रेत बॅगेत कोंबताहेत आणि तो वाजवतोय. ‘सी. आय. डी.’तल्या वहिदाचंच हे काम, फक्त इथे वाजवणाऱ्याचा स्वतःचा जीव टांगलेला. त्या बायकोचं नाव सिमी आहे, आणि ‘कर्ज’मधली मारेकरीण सिमी गरेवालने केली होती. राघवनसारख्या माणसाकडून हा योगायोग झाला असेल असं मला वाटत नाही.

‘अंधाधुन हा अपवाद’ असं कुणी म्हणेल. गेल्या दशकातला सर्वांत चलाख हिंदी थरारपट म्हणून याच मंडळींनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, हे सोडून देऊ. पण चित्रपट सुरू होण्याआधी एक अर्पणपत्रिका येते, ती त्यांनी वाचायला हवी होती. तिथे ना हिचकॉक आहे, ना कुठला फ्रेंच उस्ताद. चित्रपट अर्पण केला आहे दूरदर्शनच्या दोन कार्यक्रमांना, ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’.