जुन्या खंडांच्या सहवासात

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हणजे लसीकरण किंवा बाळाचा आहार, असा संकेतच आहे. यंदा तो संकेत मोडून, विद्यापीठाच्या ग्रंथालयातील जुन्या बांधीव नियतकालिकांविषयी लिहीत आहे. वाचकांनी क्षमा करावी.

१९९० च्या दशकात एम. डी. च्या प्रबंधासाठी संदर्भ शोधणे हे अंगमेहनतीचे काम होते. ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड चाळायचे, संदर्भ टिपायचा, कपाट शोधायचे, शिडीवर चढायचे. खाली शिडी धरून उभा असलेला शिपाई म्हणे, “साहेब, आ तो कोई वांचतुं नथी.” हवे ते सापडण्यास वेळ लागे, परंतु आपल्याला हवे आहे हे ठाऊकच नसलेले कितीतरी हाती लागे.

असाच एकदा ‘लॅन्सेट’चा १९५३ चा खंड भलत्याच पानावर उघडला. कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांचा पटकीवरील लेख होता. उलट्या आटोक्यात आणून सौम्य व मध्यम आजाराच्या १८६ रुग्णांना त्यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे दिले होते. मी शिडीवरच वाचत उभा राहिलो. आदल्याच रात्री आमच्या अतिसार कक्षात डोळे खोल गेलेल्या एका बालकाला त्याची आई चमच्याचमच्याने तेच तर पाजत होती!

चटर्जींच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, द्रवाची मोजमापे अपुरी होती. म्हणून त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ढाक्यातील पद्धतशीर अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला तो १९६८ मध्ये. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरून दाखविले. आणि १९७८ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’ने, हा शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा शब्दांत त्याचा गौरव केला. मधली पंधरा वर्षे ते पान कपाटात मिटून पडले होते. त्या काळात मीठ-साखरेच्या पाण्यावाचून किती मुले गेली असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

हे सर्व आता संगणकावर आहे, असे तरुण सहकारी म्हणतात. ते बव्हंशी खरे आहे आणि त्या सोयीचा लाभ मीही रोज घेतो. परंतु संगणक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. न विचारलेला प्रश्न सुचवितो तो शेजारच्या पानावरचा लेख. शिवाय प्रादेशिक परिषदांची वृत्ते, संस्थांचे जुने अहवाल, मराठी-गुजरातीतील वैद्यकविषयक पुस्तके अद्याप सर्वच कोठे संगणकावर आली आहेत?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत असे बांधीव खंड रद्दीच्या भावाने वजनावर जाताना मी पाहिले. जागेची अडचण होती, हे मान्य. पण मी ओपीडीच्या घाईत होतो आणि गप्प राहून निघून गेलो. ती खंत या लेखामागे आहे.

आपण वडोदऱ्याचे रहिवासी आहोत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास पाचारण केले, गावोगावी ग्रंथालये उभारली आणि पेट्यांतून फिरती पुस्तके धाडली. त्या नगरीत पुस्तकांची अशी बोळवण होऊ नये.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. कोणतेही वैद्यकीय ग्रंथालय जुने खंड काढून टाकणार असेल, तर त्यापूर्वी दोन-तीन ज्येष्ठ डॉक्टरांनी ते एकदा पाहून द्यावेत. दुर्मीळ असेल ते मंडळाने जतन करावे. आणि प्रत्येकाने महिन्यातून एक सायंकाळ, एखाद्या निवासी डॉक्टरला सोबत घेऊन, काहीही शोधायचे नाही असे ठरवून ग्रंथालयात घालवावी. शिडी धरण्याचे काम आता आपले आहे.