मर्लिनचे भाकीत आणि न संपणारी मालिका

सुपरहीरोंची चित्रकथा ही आधुनिक युगाची पुराणकथा होय, हे विधान आता इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची सिद्धता मागण्याची गरजच समीक्षेला वाटेनाशी झाली आहे. जोसेफ कॅम्बेलच्या १९४९ मधील वीरनायकविषयक ग्रंथाने रूढ केलेल्या वाटेने गेले, की मध्ययुगीन जादूगार मर्लिन आणि अमेरिकन चित्रकथेतील मर्लिन हे एकाच आदिबंधाचे दोन आविष्कार ठरतात. मधल्या आठ शतकांचा हिशेब कोणालाच द्यावा लागत नाही. तो हिशेब मागितला, तर मात्र हे विधान टिकत नाही.

मॉनमथच्या जेफ्रीने ११३६-३८ च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास रचला. त्यात मर्लिन प्रथम येतो तो बळी म्हणून. व्हॉर्टिगर्न राजाचा बुरूज उभा राहत नाही आणि बिनबापाच्या मुलाचे रक्त पायावर शिंपडावे असे दरबारातील मांत्रिक सांगतात. तो मुलगा पायाखालचे तळे आणि त्यातले दोन ड्रॅगन दाखवून मांत्रिकांना खोटे पाडतो, लाल ड्रॅगन ब्रिटनांचा व पांढरा सॅक्सनांचा असा अर्थ लावतो आणि राजाला त्याच्याच मरणाचे भाकीत तोंडावर ऐकवतो. पुढे आयर्लंडहून प्रचंड शिळा आणण्याचे काम तो यंत्रयुक्तीने करतो, मंत्राने नव्हे. सुमारे १२०० मध्ये रोबेर द बोरोंने त्याला सैतानाचा पुत्र केले. त्याला भूतकाळाचे ज्ञान सैतानाकडून आणि भविष्याचे ईश्वराकडून मिळालेले आहे. १४८५ साली छापल्या गेलेल्या मॅलरीच्या ग्रंथात आपला शेवट ठाऊक असूनही तो एका शिळेखाली कायमचा कोंडला जातो. सारांश, मध्ययुगीन मर्लिनचे सामर्थ्य उच्चारात आहे, आणि ज्याच्यापाशी ते आहे त्याला ते वाचवू शकत नाही.

चित्रकथेने नेमके हेच उलटे केले. जॅक कर्बीच्या १९७२ मधील 'द डीमन'मध्ये कॅमेलॉटच्या पाडावाच्या वेळी मर्लिन एट्रिगन या राक्षसाला मनुष्यरूप देतो. १९७६ च्या 'कॅप्टन ब्रिटन'मध्ये तो नायकापुढे ताईत आणि तलवार ठेवतो. निवड झाली की अतिमानवी बळ बहाल होते. ज्ञानाचे येथे ऊर्जेत रूपांतर झाले आहे आणि द्रष्टा हा शक्तिवाटपाचा अधिकारी बनला आहे.

हे स्थित्यंतर चित्रकारांच्या लहरीतून आलेले नाही. उंबेर्तो एकोने १९६२ मध्येच सुपरमॅनवरील निबंधात दाखवले होते, की पुराणनायकाची कथा आधीच घडून गेलेली असते, तर चित्रकथेच्या नायकाला दैनंदिन काळात वावरूनही 'संपता' येत नाही. पुढचा अंक निघायचा असतो. या निरीक्षणाची कसोटी मर्लिनलाच लागते. भाकिताला शेवटाची गरज असते. ज्या कथेला शेवट असण्याची मुभाच नाही, तिच्यात भविष्यवेत्ता काय पाहणार? ॲलन मूरच्या लेखणीतील 'कॅप्टन ब्रिटन'मध्ये मर्लिन मरतो. १९८८ साली सुरू झालेल्या 'एक्सकॅलिबर' मालिकेत तो परततो आणि ते मरणही डावाचाच भाग असल्याचे कळते. शिळेखालचा मर्लिन परतत नाही, म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आहे.

दुसरा बदल अधिक गंभीर आहे. लाल ड्रॅगनचे भाकीत हे पराभूतांचे होते. सॅक्सनांनी मागे रेटलेल्या लोकांची आशा त्यात होती, आणि वेल्समधील राजकीय भविष्यवाणीच्या परंपरेने ती शतकानुशतके जिवंत ठेवली. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात हॉट्स्पर मर्लिनच्या भाकितांची खिल्ली उडवतो, यावरूनच त्यांचा राजकीय पसारा लक्षात यावा. 'कॅप्टन ब्रिटन'मध्ये हाच मर्लिन अशा नायकाचा पाठीराखा होतो, ज्याच्या अंगावर १९८१ पासून ब्रिटनच्या संयुक्त ध्वजाचाच वेश आहे. आणि त्या ध्वजात वेल्सच्या ड्रॅगनला जागा नाही. पराभूतांचा शब्द राज्यसत्तेच्या चिन्हाखाली जमा झाला. आदिबंधाच्या परिभाषेत हा व्यवहार दिसतच नाही, कारण तिला कोण कोणाच्या विरुद्ध बोलत आहे याच्याशी कर्तव्य नसते.

यावर असा आक्षेप संभवतो, की जेफ्री तरी कोठे निष्पाप होता? नवव्या शतकातील लॅटिन इतिहासातला अँब्रोसिअस नावाचा मुलगा आणि रणभूमीवर वेड लागून रानात गेलेला वेल्श मिर्दिन यांना त्यानेच एकत्र जोडले आणि ग्रंथ नॉर्मन सरदारांना अर्पण केला. आक्षेप खरा आहे. शिवाय मूरचा मर्लिन नायकांना बुद्धिबळातील सोंगट्यांप्रमाणे हलवतो, तेव्हा उथर राजाला परस्त्रीच्या पतीचे रूप देणाऱ्या जुन्या मर्लिनची नैतिक संदिग्धता तेथे पुन्हा जाणवते. परंतु यातून सिद्ध होते ते इतकेच, की मूळ शुद्ध मर्लिन असा कधी नव्हताच. प्रत्येक पुनर्रचना कोणासाठी आणि कोणत्या अटींवर झाली, हा प्रश्न त्यामुळे मावळत नाही. उलट तोच एकमेव प्रश्न उरतो. जेफ्रीच्या अटी सरंजामी आश्रयाच्या होत्या, 'कॅप्टन ब्रिटन'च्या अटी स्वामित्वहक्क राखणाऱ्या कंपनीच्या आहेत.

लोकप्रिय साहित्य अभ्यासक्रमात यावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्याला 'पुराणकथा' हा किताब देऊन आत घेणे म्हणजे अभ्यास टाळणेच होय. बाजाराने लादलेली अनंतता ही मानवी मनाची सनातन गरज म्हणून मांडली गेली, तर समीक्षा आणि जाहिरात यांत भेद उरत नाही. व्हॉर्टिगर्नचे मांत्रिकही राजाला हवे तेच सांगत होते. बुरूज का ढासळतो, हे पाहण्यासाठी पाया खणावा लागला.