ओट्यावरची हळद आणि मावशींचा पगार

फ्लॅटमध्ये सनमायकाच्या ओट्यावर हळदीचा डाग दिसला की आरोपी ठरलेलाच असतो: स्वयंपाकाच्या मावशी. "नीट पुसतच नाहीत हो!" काही महाभाग तर पगारातून पैसेही कापतात. उद्या प्रॉडक्शनमध्ये बग निघाला म्हणून टेस्टरचा पगार कापला तर चालेल का?

मुळात ही वस्तू काय आहे ते बघा. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत ओ'कॉनर आणि फेबर या दोघांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला हा प्रकार काढला, म्हणून नाव फॉर्मायका. आपलं सनमायकाही ब्रँडचंच नाव. आत अभ्रक औषधालाही नाही! फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले क्राफ्ट पेपरचे थर, वर मेलामाइनमधला नक्षीचा कागद. सगळं मिळून जेमतेम १ मिलिमीटर. थोडक्यात, तुमचा ओटा कागदाचा आहे साहेब.

आणि त्यावर आपण तारेची घासणी चालवायला लावतो! वरचा थर खरवडला की हळद ओरखड्यांत कायमची मुक्कामाला. ग्रॅनाइटला पुन्हा पॉलिश करता येतं, ह्याला नाही.

हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मावशी पुसून पुसून थकतात ते त्यामुळे. सोडा लावला तर डाग लाल होतो, की परत बोलणी त्यांनाच. करक्युमिन विरघळतं अल्कोहोलमध्ये. २०२० मधल्या सॅनिटायझरची एखादी बाटली अजून पडली असेल; गॅस बंद करा, फडक्यावर थोडं घ्या, आधी कोपऱ्यात टेस्ट करा. उरलेलं काम उजेडाचं. आमच्या सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, हळद लागलेलं धोतर उन्हात टाकलं की डाग फिका पडतो हे कुठल्याही आजीला माहीत असतं. तुम्ही निदान खिडकीचा पडदा तरी सरकवा.

गरम कढई टेकवल्याचा तपकिरी चट्टा मात्र जात नाही, उगाच घासू नका. तो तुकडा बदला, नाहीतर वर पोळपाट ठेवा :)

राहिली सिंकजवळची फुगलेली कड. सांध्यातून पाणी शिरलं, आतलं पार्टिकल बोर्ड फुगलं, आता ते बसणार नाही. तिथे सिलिकॉन भरणं फर्निचरवाल्याचं काम होतं, आणि ते भरलंय का हे बघणं पैसे मोजणाऱ्याचं. मावशींचे कापलेले पैसे ह्याच महिन्यात परत करा.